दोन संस्कृतींत वाढणाऱ्या मुलांचं नेमकं अडतं कुठे?

स्थलांतरित आईवडिलांच्या मुलांबद्दल बोलताना एक वाक्य सहज तोंडी येतं: "धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत." नातेवाईक म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि पुष्कळदा ही मुलं मोठी झाल्यावर स्वतःबद्दलही तेच म्हणतात. मला हे वाक्य अन्यायाचं वाटतं, कारण त्यात सगळा गोंधळ मुलाच्या डोक्यात आहे असं आधीच ठरवून टाकलेलं असतं. गेल्या काही दशकांतलं संशोधन वाचलं तर चित्र निराळं दिसतं. दोन संस्कृती पेलणं बहुतेक मुलांना जमतं. अडतं ते दोन ठिकाणी. एक, एकाच घरातली माणसं नव्या देशात वेगवेगळ्या वेगाने रुळतात. आणि दोन, घराबाहेरचं जग या मुलांना आपलं म्हणायला तयार नसतं.

हा विषय थोड्याथोडक्यांचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात सुमारे ३० कोटी ४० लाख लोक जन्मदेशाबाहेर राहतात. त्यांची नव्या देशातच जन्मलेली मुलं या आकड्यात येत नाहीत.

"धड ना इकडचा" ही कल्पना अभ्यासाच्या जगातही जुनी आहे. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी १९२८ मध्ये दोन समाजांच्या सीमेवर जगणाऱ्या माणसाबद्दल लिहिलं. अशा माणसाची नजर अधिक व्यापक होते, असंही ते म्हणाले होते. पण त्यांचे विद्यार्थी एव्हरेट स्टोनक्विस्ट यांनी १९३७ मध्ये हा विचार पुढे नेला तेव्हा भर पडला तो मनाच्या ओढाताणीवर, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. या सगळ्यामागे एक न बोललेलं गृहीतक होतं: संस्कृती म्हणजे तराजूची दोन पारडी, एक खाली गेलं की दुसरं वर जाणारच. म्हणजे मूल नव्या देशात जितकं रमेल तितकं घरापासून तुटेल.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी हे गृहीतकच मोडून काढलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. आपली मूळ संस्कृती जपायची का, हा एक प्रश्न. नव्या समाजात मिसळायचं का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं स्वतंत्रपणे हो किंवा नाही असू शकतात. दोन्हींना हो म्हणणारी माणसं असतात, एकालाच हो म्हणणारी असतात, आणि दोन्हीकडून सुटलेलीही असतात. २००६ मध्ये बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित किशोरवयीन मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सर्वांत मोठा गट, सुमारे ३६ टक्के, दोन्ही संस्कृतींशी घट्ट नातं ठेवणाऱ्या मुलांचा निघाला. मानसिक स्वास्थ्य आणि शाळेतलं वागणं दोन्ही धरलं तर सर्वांत बरी स्थितीही त्यांचीच होती. ज्या मुलांना आपली दिशाच ठरवता आली नव्हती, त्यांची अवस्था सर्वांत वाईट होती. म्हणजे "दोन्हीकडे पाय" ठेवल्याने मूल पडतं, ही भीती निदान या अभ्यासाने तरी खरी ठरवलेली नाही.

मग घराघरांत जी रडारड, जी अबोल्याची वर्षं दिसतात, ती कशामुळे?

त्यासाठी वेगाची गोष्ट समजून घ्यायला हवी. मूल नव्या देशात येतं ते थेट शाळेत जाऊन पडतं. दिवसाचे सहा-सात तास त्याच्या कानावर नवी भाषा असते. कुणावर हसायचं, कुणाशी भांडायचं, मोठ्यांना उलट प्रश्न विचारलेला चालतो का, हे सगळं ते वर्गात आणि मैदानावर पाहून शिकतं. आईवडील येतात ते कामाला. त्यांचं कामाचं ठिकाण कधी आपल्याच लोकांनी भरलेलं असतं, कधी तिथे बोलायची वेळच येत नाही. शिवाय त्यांच्या सवयी वीस-तीस वर्षांच्या मुरलेल्या असतात. दोन वर्षांनी पाहावं तर मूल त्या समाजाच्या आत गेलेलं असतं आणि आईवडील अजून उंबऱ्यावर उभे असतात.

आलेझांद्रो पोर्तेस आणि रूबेन रुंबाउट या समाजशास्त्रज्ञांनी १९९२ पासून अमेरिकेत मायामी आणि सॅन डिएगो या भागांतल्या स्थलांतरितांच्या पाच हजारांहून जास्त शाळकरी मुलांचा दहा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतला. मुलं पुढे आणि आईवडील मागे अशी स्थिती झाली, आणि घराला आधार द्यायला आपल्या लोकांचा समाजही आसपास नसला, की घरातला अधिकार उलटा फिरतो, हे त्यांनी दाखवलं. जिथे आईवडील आणि मुलं साधारण एकाच चालीने नवं शिकत गेली, किंवा जिथे घरची भाषा राखून नवी भाषा आली, तिथे मुलांची वाट सोपी झाली. वेगातला फरक म्हणजे भांडण ठरलेलंच, असा मात्र याचा अर्थ नाही. कितीतरी घरं हा फरक ओळखून शांतपणे चालतात. पण तो फरक कुणाच्या लक्षातच आला नाही, तर त्याचं रूपांतर "हा आमचं ऐकत नाही" आणि "यांना काही कळत नाही" यात व्हायला वेळ लागत नाही.

अधिकार उलटा फिरणं म्हणजे काय, ते जवळून पाहू. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डॉक्टरांसमोर बसली आहे, शेजारी आई. आईला त्या देशाची भाषा येत नाही. डॉक्टर बोलतात ते मुलीकडे पाहून: गाठ तपासायला पाठवावी लागेल, निकाल आठ-दहा दिवसांत येईल, तोवर घाबरायचं कारण नाही. मुलगी आईला सांगते, "पुन्हा बोलावलंय." आई म्हणते, "एवढंच? इतका वेळ बोलत होते की ते." "हो, एवढंच." आणि पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात ती गाठ फक्त त्या मुलीला ठाऊक असते. ती अभ्यास करते, भावाला झोपवते, आईच्या चेहऱ्याकडे बघत राहते. आईला काय कळावं आणि काय कळू नये, हे तिने ठरवलं. तो निर्णय तिच्या वयाला झेपणारा नव्हता, आणि तो तिने मागितलेलाही नव्हता.

असे प्रसंग मी काल्पनिक म्हणून लिहिले तरी ते घडतात इतके नेमाने, की अमेरिकेत २०१६ च्या आरोग्यसेवेच्या नियमांत अल्पवयीन मुलांना दुभाषा म्हणून वापरायला मनाई करावी लागली. तातडीच्या प्रसंगी, दुसरा दुभाषा लगेच मिळतच नसेल, एवढीच त्याला सूट. माझ्या मते असा नियम प्रत्येक देशात असायला हवा, आणि दवाखान्यापुरता नव्हे.

मात्र मुलांनी दुभाषाचं काम करणं म्हणजे सरसकट अत्याचार, असंही मानायचं कारण नाही. मार्जोरी ओरेलाना यांनी लॉस एंजेलिस आणि शिकागोमधल्या अशा मुलांसोबत बराच काळ घालवून लिहिलं आहे. पत्र वाचून दाखवणं, फोनवर तक्रार नोंदवणं, अर्ज भरणं ही कामं बहुतेक मुलांना घरच्या इतर कामांसारखीच वाटतात, आणि त्यांतून ती बरंच शिकतात. फरक पडतो तो मोठी माणसं कुठे उभी आहेत यावर. वडील शेजारी बसून म्हणाले, "त्यांना विचार, मुदत किती आहे? बरं, मग सांग की आम्ही विचार करून कळवतो," तर निर्णय वडिलांचाच राहिला, मुलाने फक्त आवाज दिला. तेच वडील कागद सरकवून म्हणाले, "तूच बघ बाबा, तुलाच कळतं यातलं," तर घरमालकाशी व्यवहार आता एका बारा वर्षांच्या मुलाच्या अंगावर आहे. तोच मुलगा रात्री नऊनंतर बाहेर थांबला म्हणून रागावलात, तर त्याच्या कपाळावर आठी उमटणारच. दुपारी मोठा आणि रात्री लहान, हे त्याला कसं पटावं?

शाळेतल्या पालकसभेचं तर वेगळंच. शिक्षिका मुलाची तक्रार करते आणि ती आईला सांगायची असते त्याच मुलाने. "अभ्यास चांगला आहे म्हणतात," यापलीकडे फारसं काही आईपर्यंत पोहोचत नाही. शाळांनी हा प्रकार चालू द्यावा, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

मूल कोणत्या वयात आलं, यावरही बरंच अवलंबून असतं. रुंबाउट यांनी यासाठी पिढीचे अपूर्णांक केले आहेत. प्रौढपणी आलेले पहिल्या पिढीचे, नव्या देशात जन्मलेले दुसऱ्या पिढीचे. सहा ते बारा वर्षांचे असताना आलेले दीड पिढीचे. पाचव्या वर्षापर्यंत आलेली मुलं दुसऱ्या पिढीच्या जवळ, म्हणजे पावणेदोन. तेरा ते सतरा या वयात आलेली पहिल्या पिढीच्या जवळ, सव्वा. एकाच घरात थोरली सव्वा पिढीची आणि धाकटा दुसऱ्या पिढीचा असतो, आणि आईवडील दोघांकडून एकच अपेक्षा ठेवतात. थोरलीला जुना देश आठवतो, तिथल्या मैत्रिणी आठवतात. तिच्याकडून काहीतरी हिरावलं गेलेलं आहे. धाकट्याला तो देश म्हणजे आईच्या फोनमधले आवाज. त्याला हरवल्याचं दुःख नाही, पण आपल्याला एवढं सगळं का जपायला सांगतात, हेही त्याला उमगत नाही.

आता भाषेकडे येऊ. माझ्या मते या विषयाचं मर्म इथेच आहे.

शाळेत जायला लागेपर्यंत मूल घरची भाषा बोलतं. शाळा सुरू झाली की नवी भाषा झपाट्याने येते आणि घरची भाषा होती तिथेच थांबते. समजते सगळी, वाढत मात्र नाही. सोळा वर्षांच्या मुलाला घरच्या भाषेत "उशीर होईल", "पाणी दे", "झोपतो आता" हे अस्खलित म्हणता येतं. पण मित्रांनी आपल्याला वगळलंय, वर्गात बसवत नाही, रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही, कशातच अर्थ वाटत नाही, हे सांगायला त्याच्याजवळ त्या भाषेत शब्दच नाहीत. त्या भाषेत तो पाच वर्षांचाच राहिलेला आहे. आई दारात उभी राहून विचारते, "काय झालंय तुला?" तो म्हणतो, "काही नाही." आईला वाटतं, मुलगा तुटक झाला. त्याला वाटतं, हिला सांगून उपयोग नाही. आईच्या बाजूनेही तेच. नव्या देशाच्या भाषेत तिला कामाचं, खरेदीचं, कागदपत्रांचं बोलता येतं. धीर द्यायला लागणारे शब्द त्या भाषेत तिच्याकडे नाहीत. प्रेम दोन्हीकडे आहे, ते ज्या भाषेतून जावं ती भाषा दोघांची सारखी उरलेली नाही. लोक याला पिढ्यांमधला संघर्ष म्हणतात. कितीतरी घरांत तो संघर्ष नसतोच, फक्त शब्दांचा तुटवडा असतो.

अमेरिकेतल्या लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये हजाराहून अधिक कुटुंबांच्या पाहणीवर आधारित लेख लिहिला. बालवाडीच्या वयातच मुलांना फक्त इंग्रजीत घातलं की घरची भाषा मागे पडते आणि आईवडील मुलांशी नीट बोलू शकत नाहीत, हा धोका त्यांनी तेव्हाच सांगितला. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात अनिक दे हाउवर यांनी सुमारे १९०० कुटुंबं पाहिली. तिथे घरात दुसरी भाषा कानावर पडत असूनही जवळपास चारांतल्या एका घरात मुलं ती बोलत नव्हती. ज्या घरांत आईवडील दोघंही ती भाषा बोलत होते आणि देशाची भाषा घरात कमी येत होती, तिथे मुलं ती बहुधा बोलू लागली होती. "नुसती ऐकली की आपोआप येईल," हा भरवसा पुरेसा नाही, एवढं यातून नक्की कळतं.

आणि तरीही शाळांमधून आजही सल्ला मिळतो: घरी आमच्याच भाषेत बोला, म्हणजे मूल मागे पडणार नाही. हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी नुकसान करणारा आहे. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं किंवा बुद्धी मागे पडते, याला संशोधनाचा आधार नाही. उलट आईवडील आपली पक्की भाषा सोडून कच्च्या भाषेत बोलू लागतात, आणि मुलाच्या कानावर गोष्टी, थट्टा, वाद, आठवणी असं सगळं भरघोस पडण्याऐवजी पडतात त्या तुटक सूचना. शाळेची भाषा शाळा शिकवतेच. तिलाही वेळ लागतो, ही वेगळी गोष्ट. कॅनडातले जिम कमिन्स यांनी दाखवलं की रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं, पण इतिहासाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक समजून उत्तर लिहिण्याइतकी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मैदानावर सफाईने बोलणारं मूल परीक्षेत अडखळलं की शिक्षकांना ते आळशी वाटतं. ते आळशी नसतं, त्याची पाच वर्षं भरलेली नसतात.

दोन संस्कृती मनात एकत्र राहतात तरी कशा? याचा एक सुंदर प्रयोग यिंग-यी हाँग आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. हाँगकाँगमधल्या, चिनी आणि पाश्चात्त्य दोन्ही संस्कृतींत मुरलेल्या विद्यार्थ्यांना आधी काही चित्रं दाखवली. काहींना चिनी प्रतीकं, काहींना अमेरिकी. मग एक चित्र: माशांचा थवा, आणि त्याच्यापुढे एकटा मासा. तो पुढे का आहे? चिनी प्रतीकं पाहिलेल्यांनी थव्याशी जोडलेली कारणं जास्त दिली, अमेरिकी प्रतीकं पाहिलेल्यांनी त्या माशाच्या स्वतःच्या मनातली. दोन्ही तऱ्हेचा विचार त्यांच्यात होता, प्रसंगाने एकेक पुढे आला. घरात एक आणि बाहेर एक वागणाऱ्या मुलाला आपण ढोंगी म्हणतो. तो ढोंगी नसतो. दोन्ही वागणी त्याचीच असतात.

ही दोन वागणी काहींना आत एकमेकांशी भांडताना वाटतात, काहींना नाही. का? वेरोनिका बेनेट-मार्तिनेस यांनी हाच प्रश्न धरून काम केलं. संघर्षाची भावना जोडलेली आढळली ती भेदभावाशी, दोन समाजांमधल्या ताणलेल्या संबंधांशी. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलाच्या आतलं भांडण बऱ्याचदा बाहेरून आत आलेलं असतं. नव्या देशात जन्मलेल्या, तिथलीच भाषा बोलणाऱ्या मुलीला कुणी विचारतं, "तू मूळची कुठली?" ती शहराचं नाव सांगते. "नाही, पण मूळची?" दुसऱ्या प्रश्नात तिला कळतं की पहिलं उत्तर मान्य झालेलं नाही. आणि आईवडिलांच्या देशात गेल्यावर तिचे उच्चार ऐकून चुलत भावंडं हसतात. दोन्हीकडे तिची परीक्षा घेतली जाते, ती देणाऱ्या मुलीला आपण गोंधळलेली म्हणतो.

त्या भेटीत आणखी एक गोष्ट घडते. आईवडिलांनी ज्या साली देश सोडला, त्या सालचेच नियम त्यांनी सोबत नेलेले असतात. तो देश मात्र पुढे सरकलेला असतो. मुलगी पाहते, की तिला जे "आपल्याकडे चालत नाही" म्हणून नाकारलं, ते तिथल्या भावंडांना सर्रास चालतं. तिचा राग समजण्यासारखा आहे. आईवडिलांचा हट्टही समजण्यासारखाच आहे. सगळं सोडून आलेल्या माणसाकडे धरून ठेवायला तेवढंच उरलेलं असतं.

सोडून येण्याचं ओझं मुलांवरही असतं. "आम्ही हे सगळं तुझ्यासाठी केलं," हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणायचीही गरज नसते. वडिलांच्या पदवीचा कागद कपाटात आणि ते स्वतः रात्रपाळीला, एवढं पुरतं. या ऋणाच्या जाणिवेने मुलं जिद्दीने शिकतात, हे खरं आहे. पण अँड्र्यू फुलिग्नी आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात पाहिलं, की कुटुंबाबद्दलची कर्तव्यभावना ज्यांच्यात सर्वांत तीव्र होती, त्यांचे गुण ती सर्वांत कमी असलेल्या मुलांइतकेच, कधी त्याहूनही कमी होते. ज्यांच्यात ती मध्यम होती, त्यांचं बरं चाललेलं होतं. घरासाठी आपणच उभं राहायचं, ही जाणीव फार वाढली की अभ्यासाला वेळ आणि मन दोन्ही उरत नाही.

अशा घरांसाठी करण्यासारखं काही आहे का? आहे, आणि त्यातलं बरंचसं मुलाला करायचं नाही. दवाखान्याने, न्यायालयाने, शाळेने दुभाषा द्यावा. आईवडिलांना नवी भाषा शिकायला कामाच्या वेळा सांभाळून वर्ग मिळावेत, कारण त्यांचा वेग वाढला की घरातलं अंतर आपोआप घटतं. आईवडिलांनी स्वतःच्या भाषेत फक्त सूचना देऊ नयेत. आपली फजिती, आपली भीती, आपलं शाळेतलं भांडण सांगावं, म्हणजे मनातलं बोलायचे शब्द मुलाच्या कानावर पडतील. मुलाने उत्तर दुसऱ्या भाषेत दिलं तरी चालेल, ऐकणं थांबता कामा नये. आणि चुकलं तर हसू नये. उच्चारावर हसल्यामुळे जितक्या मुलांनी घरची भाषा बोलणं टाकलं असेल, तितक्यांनी कंटाळ्याने टाकलं नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्याकडून भाषा सुटलीच आहे, त्यांच्यासाठीही सगळं संपलेलं नाही. टेरी किट-फाँग औ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की लहानपणी घरात स्पॅनिश नुसती कानावर पडलेली, पण बोलता न येणारी मुलं मोठेपणी ती शिकू लागली तेव्हा त्यांचे उच्चार नव्याने शिकणाऱ्यांपेक्षा अस्सल होते. माँट्रियलमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याहून पुढची गोष्ट नोंदवली. चीनमधून तान्ह्या वयात दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या आणि चिनी अजिबात न आठवणाऱ्या ९ ते १७ वर्षांच्या मुलींना चिनी भाषेतले सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, ऐकवले, तर त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच होता. तिशी-चाळिशीत घरची भाषा पुन्हा शिकायला बसणाऱ्यांना व्याकरण आणि शब्द मेहनतीनेच मिळवावे लागतात, उच्चारांचा पाया मात्र बहुधा आधीपासून घातलेला असतो.